हिंडत्या कोळ्यांची वस्ती

सुनेनं सासूला फोन करावा. गुडघा कसा आहे म्हणून विचारावं, शेळी व्याली का विचारावं, थंडी लई पडली असंल तर दोन गोधड्या घ्या म्हणावं. राहीबाईची सून आरती फोन करायची ती नवऱ्याचं उणं काढायला. बोलणं संपलं, मोबाईल पिशवीत गेला, तरी राहीबाईचा कान तापलेलाच राहायचा.

त्या दिवशी तर तिनं हद्दच केली.

"आत्या, घरं संभाळा वस्तीतली," म्हणाली.

"कशापायी? चोर आलेत व्हय?"

"तुमचा लेक आलाय का बघा."

राहीबाईला आधी कळेचना. तिचा रामहरी आणि ही आरती, दोघं दिवाळी झाल्यावर टोळीबरोबर ऊसतोडीला गेले होते, तिकडं देवळाली प्रवऱ्याच्या अंगाला. नवरा-बायको मिळून एक कोयता. तो तोडणार, ही मोळ्या बांधणार. आता ही सांगत होती, की रामहरी रात्रीतून पिशवी घेऊन फडावरून निघून गेला, त्याला आठवडा उलटला. फोन बंद. आणि जायच्या आधी रोज फडावरच्या झोपडीत, कोपीत बसून त्याचं एकच चाललेलं: वस्तीतली सगळी तांब्या-पितळेची भांडी नुसती धूळ खात पडलीत, आय राखत बसलीय, कुणाला काय उपेग?

"मी भांडले त्यांच्यासंगं," आरती म्हणाली. "म्हनलं, असलं मनात बी आनू नका. तर दुसऱ्या दिशी मानूस गायब. म्हनून सांगते."

"तू माज्या पोराला चोर म्हनती?"

"मी घरं बघा म्हनते."

"पुन्याला गेला आसंल तो कामाला. तुज्यासंगं त्या पाचटाच्या कोपीत कोंडून घ्यायचं म्हंजे कुनीबी पळंल. नवऱ्याची चुगली करायला सासूच घावली का गं तुला? ठेव फोन!"

पण फोन राहीबाईनंच ठेवला. दोनदा चुकीचं बटन दाबून, तिसऱ्यांदा.

राग आला होता खरा, पण नुसता रागच नव्हता. पाथर्डीच्या पुढं डोंगराच्या पायथ्याला ही वस्ती. जमीन खडकाळ, पाऊस झाला तर बाजरी, नाही तर तीही नाही. दिवाळी सरली की ट्रॅक्टर-टेम्पो येऊन उभे राहायचे आणि बाया, बापे, पोरं, कोंबड्या, कुत्रीसुद्धा चढवून सगळी वस्ती तोडीला निघून जायची, ती गुढीपाडव्याला परत. मागं एकटी राहीबाई, आणि तिच्या कमरेला सगळ्या घरांच्या किल्ल्या. सासूच्या कमरेवरून तो जुडगा तिच्याकडं आला होता, आणि तेव्हापासून कुणाच्या घरातली केरसुणी जागची हलली नव्हती. माणसं सोनंनाणं बरोबर नेत, पण आईबापांच्या हातची भांडी मागं ठेवून जात. दाराला कुलूप लावताना कुणी मागं वळून बघत नसे. राहीबाई आहे, म्हणत आणि टेम्पोत चढत.

आरतीचं खरं असलं तर एका दणक्यात दोन्ही गेलं, लेकही आणि वस्तीत राखलेला शब्दही. तेव्हा तिचं खोटंच असणार. राहीबाईनं कमरेचा जुडगा चाचपला. एकूण एक किल्ली जागेवर होती.

"झालं की मग," ती शेळीला म्हणाली. "किल्ल्या हितं, तर घरं कुठं जात्यात?"

त्याच संध्याकाळी अवस होती. अवसेला दिवेलागणीच्या वक्ताला घरं जागवायची, ही वस्तीची रीत. ज्याच्याकडं किल्ल्या त्यानं प्रत्येक बंद घर उघडायचं, देवळीत दिवा लावायचा आणि उंबऱ्यात उभं राहून मालकाला नावानं तीन हाका मारायच्या. माणूस लांब असलं तरी नाव घरात घुमलं पाहिजे, नाही तर घर आपल्या माणसाला विसरतं. राहीबाईच्या सासूनं हे शिकवलं होतं. आणि वर हेही सांगितलं होतं, की हाका मारल्या की थांबायचं नाही. कुणी ओ दिली तरी थांबायचं नाही. बंद घरात ओ द्यायला कोण असणार, असं राहीबाईनं तेव्हा विचारलं होतं, कारण तेव्हा ती नवी नवरी होती आणि तिला काहीही विचारायची खोड होती. सासूनं नुसती तेलाची बाटली तिच्या हातात दिली होती.

एवढी वर्षं ती एका हातात कंदील, एका हातात तेलाची बाटली घेऊन फिरायची. यंदा गुडघ्यानं दगा दिल्यामुळं एक हात काठीनं अडवला. मग तिनं खुंटीवरची रामहरीची बॅटरी काढली. रात्रीची लाईट आली की शेतकरी पिकाला पाणी देताना कपाळाला पट्ट्यानं बांधतात, तसली. डोक्यावरचा पदर आवळून तिनं ती वर बांधली आणि स्वतःशीच म्हणाली, "म्हातारपनी हे बी नवं लेनं झालं."

बाहेर वारा नव्हता. दिवस मावळून डोंगर काळा पडला होता. एरवी या वक्ताला वस्तीत भाकरी थापल्याचा आवाज, पोरांची रडारड, कुणाचा तरी टीव्ही. आता सगळ्या दारांना कुलपं. राहीबाईच्या काठीचा आवाज समोरच्या भिंतीवर आपटून परत यायचा, जणू पलीकडून आणखी एक म्हातारी चालत येत होती.

पहिलं घर छबूबाईचं. कुलूप निघालं. दार ढकललं, आणि राहीबाई उंबऱ्यातच थांबली.

घरभर जमिनीवर दव पडलं होतं.

तिला तसंच वाटलं. सारवलेल्या जमिनीवर, चुलीपाशी, जात्याच्या भोवती, कणगीच्या बुडाला बारीक हिरवे-निळे थेंब चमकत होते. छताखाली दव कसं पडेल? कुणी बांगड्या फोडून काच तर नाही उधळली? तिनं नीट बघावं म्हणून बॅटरी कपाळावरून काढून हातात धरली, कमरेपाशी. सगळे थेंब विझले. नुसती मातीची जमीन. तिनं बॅटरी पुन्हा कपाळाला लावली. थेंब पुन्हा पेटले.

मग त्यातला एक थेंब चालला.

राहीबाईनं काठी घट्ट धरली आणि वाकून बघितलं. थेंबाच्या मागं आठ पाय होते. कोळी. हे सगळे कोळी होते, आणि चमकत होते ते त्यांचे डोळे. उजेड तिच्या डोळ्यांच्या बरोबरीनं गेला, की तो त्यांच्या डोळ्यांत शिरून सरळ तिच्याकडं परत यायचा. कंदिलाच्या उजेडात एवढी वर्षं ती याच घरांतून फिरली होती आणि एवढी वर्षं हे सगळे तिच्या पायाशी बसून तिला बघत होते.

"आगं बया," ती हळूच म्हणाली.

कोळ्यांची तिला भीती नव्हती. जाळं विणून त्यात फुकट बसून राहणारा कोळी वेगळा, हिंडता कोळी वेगळा, हे तिला ठाऊक होतं. हिंडता कोळी जाळं करत नाही. दिवसा दगडाखाली, पाट्याखाली, फटीत दडतो आणि अंधार पडला की पायी शिकारीला निघतो. शेतात दगड उचलला की तुरूतुरू पळतो तो हाच. पण यांच्यात एवढ्या जाती असतील असं तिच्या कधी मनात आलं नव्हतं. चुलीपाशी उंदराच्या रंगाचा एक लवदार कोळी पोट जमिनीला टेकून सरकत होता, ढुंगणाला दोन बारीक नळकांडी बाहेर आलेली. जात्याच्या आडोशाला एक मोठी मादी, तिच्या पाठीवर पिलांचा ढीग, त्यामुळं ती एकटी असून गर्दी दिसत होती. कॅलेंडरच्या मागून एक इतका चपटा बाहेर आला, की कुणीतरी त्याला पाट्यावर वाटला असावा. कोनाड्यात झुरळ फडफडलं आणि लगेच थांबलं. घरात दुसरा कसलाच आवाज नव्हता. एवढी शिकार चालली होती आणि कशाचाच आवाज नव्हता.

तिनं कडेकडेनं जाऊन देवळीत दिवा लावला. उंबऱ्यात आली. हाक मारायला तोंड उघडलं आणि तेव्हा तिला ती वाट दिसली.

घरभर डोळे होते, पण मागच्या दारापासून उतरंडीपर्यंत एक पट्टा काळाच होता. माणूस जाईल एवढा रुंद. त्यात एकही डोळा नव्हता. दोन्ही कडांना डोळ्यांची रांग, मधून काळोखाची वाट, आणि वाट संपत होती तिथं धुळीत एक गोल स्वच्छ वर्तुळ. तिथं छबूबाईचा पितळी हंडा असायचा. सासरी येताना आणलेला, नाव घातलेला.

हंडा तोडीला कोण घेऊन जातं? कोणी नाही.

"छबूबाई," राहीबाईनं हाक मारली. "छबूबाई... छबूबाई गं." ती थांबली नाही. घाईघाईनं कुलूप लावून निघाली.

दुसरं घर पुष्पावतीचं. इथं कोळी आणखी दाट होते आणि बारीक होते. काळे, तुळतुळीत, मुंग्यांसारखे. मुंग्यांसारखेच पुढचे पाय मिशांगत हलवत चालायचे, आणि मुंग्यांची रांग चालली होती तिच्या कडेनंच चालायचे. एकानं हळूच रांगेतली एक मुंगी बाजूला घेतली. बाकीच्या मुंग्यांना त्याचं काही वाटलं नाही, आपल्यातलाच समजल्या असाव्यात. दाराच्या कोपऱ्यात तर याहून वाईट चाललं होतं. जाळ्यात बसलेल्या एका लांब पायांच्या कोळ्याकडं एक हिंडता कोळी आला, निम्म्यानं लहान. त्याच्याभोवती तो गरगर फिरला, ढुंगणातून चिकट पांढरा धागा सोडत, आणि बघता बघता मोठ्याचे पाय जमिनीशी बांधून टाकले. मोठा आपल्याच घरात, आपल्याच जाळ्याखाली बांधला गेला.

आणि इथंही ती वाट होती. मागच्या दारापासून माळवदाच्या जिन्याखाली. तिथं पुष्पावतीचं तांब्याचं घंगाळ पालथं असायचं. आता तिथं गोल होता.

या वेळी राहीबाई पळाली नाही. गुडघा धरून ती त्या काळ्या वाटेच्या कडेला बसली आणि जमिनीला नाक लावून बघितलं. वाटेवर पांढरी भुकटी होती. पाय पोटाशी दुमडून कोळी मरून पडले होते, हलके, वाळक्या फुलांसारखे. भुकटीचा वास तिनं ओळखला. ढेकूण-मुंग्यांवर टाकायची दुकानातली पावडर.

पुढं पावडर टाकायची, मग पाऊल टाकायचं. पुन्हा पावडर, पुन्हा पाऊल. या घरातून कुणीतरी असं चाललं होतं. चोर कुत्र्याला भितो, पोलिसाला भितो. कोळ्याला कोण भितं?

तिचा रामहरी भ्यायचा. लहानपणी गोधडीत कोळी निघाला म्हणून बेशुद्ध पडला होता. लग्न झालं, मिशा आल्या, तरी झोपताना बाजेभोवती पावडरीची रेघ ओढल्याबिगर त्याचा डोळा लागत नसे. राहीबाई त्याला त्यावरून चारचौघांत बोलायची आणि मग स्वतःच दुकानातून डबी आणून द्यायची.

"पावडर काय, कुनालाबी मिळती," ती त्या मेलेल्या कोळ्यांना म्हणाली. कोळ्यांनी काही वाद घातला नाही.

तिनं देवळीत दिवा लावला, पुष्पावतीला तीन हाका मारल्या आणि बाहेर आली. मधल्या दोन घरांत भांडी जागेवर होती, डोळे भिंतीपासून भिंतीपर्यंत सलग होते. तिला इतकं बरं वाटलं, की त्या कोळ्यांना तिनं हात जोडले.

शेवटचं घर गहिनीनाथचं. वस्तीतलं एकच स्लॅबचं घर, लोखंडी दार, आत फरशी. कुलूप जसंच्या तसं, वर गंज. दार उघडलं आणि कपाळाचा उजेड आत पडला.

आत एकही डोळा नव्हता.

फरशी काळी, गप्प. एवढी घरं जागी होती, त्यांच्यामध्ये हेच एक घर झोपल्यासारखं. राहीबाईला वाटलं, आपण मागं फिरावं. मोकळ्या घरात हिंडते कोळी असणारच, हे तिनं आत्ताच बघितलं होतं. जिथं ते नाहीत तिथं दुसरं कुणीतरी आहे. दिवा लावायला आत जायची तिची छाती झाली नाही. निदान नाव तरी घ्यावं म्हणून ती उंबऱ्यातच उभी राहिली.

"गहिनीनाथ."

काही नाही.

"गहिनीनाथ."

आतल्या खोलीत काहीतरी कुरकुरलं. बाजेची सुंभं ताणावीत तसं.

राहीबाई मागं वळलीच होती. पण तीन हाकांची रीत होती, आणि अर्धवट सोडणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"गहिनीनाथ रे!"

"ओ," आतून आवाज आला. जड, झोपेतला. "ओ, आय."

ओ आली तरी थांबायचं नाही, हे सासूनं सांगितलं होतं. राहीबाई थांबली. नाव तिनं गहिनीनाथचं घेतलं होतं, पण ओ देणाऱ्यानं नाव ऐकलंच नव्हतं. त्यानं आवाज ऐकला होता. तान्हेपणापासून ज्या आवाजाला तो झोपेत ओ देत आला, त्याला त्यानं पुन्हा झोपेतच ओ दिली होती.

ती आत गेली.

आतल्या खोलीत गहिनीनाथच्या बाजेवर, गहिनीनाथचीच गोधडी पांघरून रामहरी उठून बसला होता. चारी पायांच्या भोवती पावडरीची जाड रेघ. बाजेखाली एक मोठं पोतं, आणि पोत्याच्या तोंडातून पितळ चमकत होतं.

"बॅटरी खाली कर, आय," तो डोळ्यांवर हात घेऊन म्हणाला. "डोळ्यात जाती."

"जाऊ दे. तुज्या डोळ्यात काहीतरी गेलं पायजे."

"आज अवस हाय व्हय?"

"फडात अवस कळत न्हाई का पुनव?"

"न्हाई कळत. ऊसच कळतो नुसता." त्यानं पाय वर ओढून घेतले. "आय, तू समजतीस तसं न्हाई. चोर यायलेत इकडं, म्हनून मी भांडी एका जागी—"

"रामहरी."

त्यानं डोळ्यांवरचा हात खाली घेतला. त्या आवाजापुढं त्याचं लहानपणीही काही चालत नसे.

"कुलपं जशीच्या तशी. आत कसा शिरलास?"

"दिवाळीला सगळी निघाली तवा गाठोडी काढायला मीच हुतो की घराघरांत," तो खाली बघून म्हणाला. "जाता जाता मागच्या दाराच्या कड्या काढून ठिवल्या."

राहीबाईला ते आठवलं. दारोदार धावत होता, छबूबाईचं ओझं, पुष्पावतीचं ओझं. छबूबाई म्हणाली होती, राहीबाई, तुजं पोरगं सोन्यासारखं हाय. आणि राहीबाईची मान तेव्हा टेम्पोच्या टपाएवढी उंच झाली होती. बायको भांडली म्हणून, फडाला कंटाळला म्हणून, असलं काही नव्हतं. हे दिवाळीलाच ठरलं होतं.

"मला न्हाई तोडायचा ऊस," तो एकदम म्हणाला. "हात बघ माजे. केडगावात खोली घेतो, कंपनीत लागतो. एक जन टेम्पो घेऊन येनार हाय, सगळं मोडीत घेतो. एकदा सुरवात झाली, की ज्याचं त्याला भरून दिलं आसतं मी."

"ऊस तोडू नको. कुनी बळजबरी केली? मला म्हनायचं, आय, मला केडगावला जायचंय. मी माजी घागर इकून दिली आसती. माज्या घराला तर कुलूप बी न्हाई."

"तुजं घर कसं लुटू, आय?"

"लुटलंस की."

राहीबाईनं कपाळावरची बॅटरी काढली, पुढं होऊन त्याच्या कपाळाला बांधली आणि पट्टा आवळला.

"दाराकडं बघ."

त्यानं बघितलं. मधल्या खोलीचं दार राहीबाईनं उघडंच ठेवलं होतं, आणि बाहेरचंही. उंबऱ्याच्या पलीकडं, अंगणात, कट्ट्यावर, दगडांच्या पौळीवर, जिथपर्यंत उजेड जात होता तिथपर्यंत डोळे होते. जोड्या जोड्यांनी. काही एका जागी, काही हळूहळू सरकत. ते सगळे आपल्याकडं तोंड करून बसलेत, असंच कुणालाही वाटलं असतं. रामहरी भिंतीला चिकटला.

"तू रातचं हिंडत हुतास तवा बी हे हुतेच," राहीबाई म्हणाली. "तू खाली उजेड धरून पावडर टाकत गेलास, म्हनून तुला दिसले न्हाईत. तुला वाटलं, वस्ती मोकळी हाय."

"आय, काढ ही बॅटरी."

"काढते. पोतं उचल."

"मी... मी तिकडनं न्हाई जानार. सकाळी ठिवतो. आईशप्पत, सकाळी ठिवतो."

"माजी शप्पत घेऊ नको, ती आता सस्त झालीय. उचल. चप्पल काढ."

काय झालं ते बघायला तिथं तिसरं माणूस नव्हतं. पुढं राहीबाई, कपाळाला बॅटरी, हातात काठी. मागं अनवाणी रामहरी, खांद्यावर पोतं, डोळे घट्ट मिटलेले, दुसऱ्या हातात आईच्या पदराचं टोक. एवढा बाप्या गडी, पण चालता चालता रडत होता. पितळ तांब्यावर आदळून ठणठण वाजत होतं, आणि त्या बंद दारांच्या वस्तीत तो आवाज देवळातल्यासारखा वाटत होता. त्यांच्यापुढं डोळे बाजूला होत आणि ते गेले की मागून पुन्हा मिळून येत. कुणी चावलं नाही. एक चपटा कोळी त्याच्या पावलावरून चढून पलीकडं उतरला, आपल्या कामाला गेला. रामहरी तिथंच उभा राहिला, आणि राहीबाईही थांबली. तिनं त्याला ओढलं नाही, धीरही दिला नाही.

छबूबाईच्या घरी दिवा अजून जळत होता. हंडा त्याच्या गोलात बसला. पुष्पावतीचं घंगाळ जिन्याखाली पालथं गेलं. जे जिथलं ते तिथं. मागच्या दारांच्या कड्या राहीबाईनं स्वतःच्या हातानं घातल्या आणि दोनदा ओढून बघितल्या. गहिनीनाथच्या फरशीवरची पावडर तिनं त्याच्याकडूनच झाडून घेतली.

"पाडव्याला वस्ती आली," ती केरसुणी परत घेत म्हणाली, "की तू दारोदार जायचं आन तोंडानं सांगायचं, काय केलंस ते. मी मागं उभी राहीन. एक शब्द गाळलास तर तो मी सांगीन."

"मंग तुज्याकडं किल्ल्या कोन देईल, आय?"

तिच्या काळजात तेच घुसलं होतं, मघापासून. त्यानं विचारायला नको होतं.

"न्हाई देनार," ती म्हणाली. "हंडे जाग्यावर गेले म्हनून मी गप बसले, तर मग मी राखन कशाची केली?"

रामहरी ओट्यावर बसला, पाय पोटाशी घेऊन. राहीबाई त्याच्याजवळ बसली नाही. मोबाईलला रेंज फक्त अंगणातल्या उकिरड्याच्या चढावर मिळायची. ती काठी टेकत वर चढली. बॅटरीचा उजेड मंद होत आला होता आणि तिच्या पायाभोवती तरी डोळे होतेच. तिनं आता त्यांच्याकडं लक्ष दिलं नाही. पलीकडं घंटी एकदाच वाजली. एवढ्या पटकन फोन उचलला म्हणजे पोरगी हातात धरूनच बसली असणार.

"आत्या?" आरती म्हणाली. "काय झालं, आत्या? घावले का?"

"मदी बोलू नको. मला हे एकदाच सांगता येनार हाय, दुसऱ्यांदा माज्या तोंडातनं निघनार न्हाई, म्हनून कान देऊन ऐक. तुजा नवरा घावला. गहिनीनाथच्या घरात दडला हुता. भांडी परत जाग्यावर गेली. तू चुगली केलीस म्हनून मी बोलले. ती चुगली नव्हती. वस्तीच्या घरांची राखन मी करत हुते आसं मला वाटत हुतं, आन फडात बसून ती तू केलीस. तुजं तोंड वाईट हाय, ते वाईटच हाय, त्यात माजं मत बदललं न्हाई. पन ह्या घरात खरं बोलनारं तेवढंच एक तोंड हाय. पाडव्याला हा सगळ्यांपुढं कबूल व्हईल, तवा माज्या शेजारी उभं ऱ्हायला ये. त्याच्या शेजारी न्हाई, माज्या. आन त्याच्याजवळ नांदायचं का न्हाई, ते तुजं तू ठरव. म्या माज्या पोराची बाजू घेऊन एक अक्षर बोलनार न्हाई, मला माज्या तोंडाची शप्पत हाय. न्हाई नांदलीस तरी लेक म्हनून हितं यायचं, आन दारातनं हाक मारायची. मी ओ देईन."